पिवळ्या ठोकळ्याची जागा

१

चार दिवसांपूर्वी ज्या जागी एक माणूस चिरडून मेला होता, त्या जागेला त्याच आठवड्याच्या स्वच्छता-परीक्षेत शंभरपैकी शंभर गुण मिळाले होते. गुणपत्रिका प्रेसशेजारच्या खांबावर, पारदर्शक पाकिटात, सन्मानाने लावलेली होती. तिच्या कोपऱ्यात कुणीतरी हसरा चेहराही काढला होता.

मापनबाईंनी तो चेहरा बराच वेळ पाहिला. तंत्रशाळेत तीस वर्षे अचूक मोजमापाचा विषय शिकवल्यामुळे त्यांना हे नाव पडले होते, आणि निवृत्तीनंतर ते घट्ट चिकटले होते. कारखान्यात माणूस दगावला की निरीक्षण खाते त्यांना पाठवी. त्यांच्या सहीवाचून बंद केलेल्या यंत्राचे सील निघत नसे, आणि त्यांच्या अहवालात ज्याचे नाव येई त्याच्यावर गुन्हा नोंदला जाई.

"सगळं तयार आहे, मॅडम," कारखान्याचे साहेब म्हणाले. त्यांनी पुढे केलेला कागद अजून छपाईयंत्राच्या उबेत होता. "तुमचा वेळ वाया जाऊ नये म्हणून आमच्या टीमने विश्लेषण आधीच करून ठेवलंय. पाच 'का' विचारून. पाचला पोलीस येतायत, तोवर सही झाली की बरं."

पाच 'का' म्हणजे कोणत्याही बिघाडाला लागोपाठ पाच वेळा 'का' विचारीत मुळाशी जाण्याची रीत. रीत शहाण्या माणसाची आहे. अडचण इतकीच, की ती कुणाच्याही हाती पडू शकते. कागदावर लिहिले होते:

मामा का दगावले? रॅम खाली आला. रॅम का आला? ब्रेक घसरला. घसरलेला रॅम अडला का नाही? ठोकळा लावलेला नव्हता. का नव्हता? तो लावण्याचे काम ताईचे होते. ताईने का लावला नाही? निष्काळजीपणा. मूळ कारण: मानवी चूक.

दुसऱ्याच पायरीवर ब्रेक सापडला होता. अहवालाने त्याला लांबून नमस्कार करून पुढची वाट धरली होती.

मापनबाईंनी प्रेस पाहिला, पत्रा दाबून घडवणारे ते यंत्र. दीडशे टनांचा, दुमजली घराएवढा. त्याचा वरचा घण म्हणजे रॅम. त्याच्याखाली साचा असतो, ज्याला इथे सगळे डाय म्हणतात. डाय बदलताना माणसाला रॅमखाली हात आणि कधी कधी खांदाही घालावा लागतो, म्हणून आधी दोहोंच्या मध्ये एक पिवळा पोलादी ठोकळा उभा करायचा. ब्रेक घसरला तरी रॅम त्याच्यावर टेकतो आणि माणूस वाचतो. मामा हे डाय बसवणारे कारागीर, बत्तीस वर्षे हेच काम केलेले. साऱ्या शॉपचे, म्हणजे या विभागाचे, मामा, पण लाइनची प्रमुख असलेल्या ताईचा सख्खा मामा. तिला प्रेस चालवायला त्यांनीच शिकवले होते.

ठोकळा आता शेजारच्या फळ्यावर टांगलेला होता. फळ्यावर प्रत्येक हत्याराची काळी बाह्यरेषा रंगवली होती: पान्याच्या जागी पाना, हातोडीच्या जागी हातोडी, झाडूच्या जागी झाडू. ठोकळा आपल्या रेषेत इतका तंतोतंत बसला होता की जणू त्याच्यासाठीच ती जागा जन्माला आली असावी.

"अपघातानंतर अगदी असाच होता," साहेब म्हणाले. "फोटो आहे. म्हणजे तो वापरलाच नव्हता. उघड आहे."

मापनबाई फळ्याजवळ गेल्या. ठोकळा दोन बारीक आकड्यांवर होता. आकडे खाली वाकले होते, आणि वाकलेल्या जागी त्यांच्यावरच्या रंगाला ताज्या, पांढुरक्या चिरा पडल्या होत्या.

"हा फळा कधीचा?"

"चौदा महिने झाले. सेन्सेईंची देणगी."

चौदा महिन्यांच्या फळ्यावर चार दिवसांच्या चिरा. बाईंनी ते मनात ठेवले. सकाळी वाचलेल्या शवचिकित्सेच्या टिपणातली एक ओळ तिथे आधीपासून होतीच: खांद्याच्या जखमेत लाकडाची कुसळे, पिवळा रंग लागलेली.

"इथे पिवळं लाकूड कुठे असतं?" त्यांनी विचारले.

"लाकूड?" साहेब हसले. "मॅडम, हा प्रेस शॉप आहे, सुतारकाम नव्हे."

२

सेन्सेई हा कारखान्याचा सल्लागार. हे नाव त्याने स्वतःच घेतले होते. मूळ भाषेत ते शिष्यांनी गुरूला द्यायचे असते, पण शिष्यांची वाट पाहणे म्हणजे मुडा, अर्थात निव्वळ वाया जाणारे श्रम. मुडा दिसला की तो हटवायचा, हा त्याचा धर्म.

तो सभागृहात पाठीमागे उशी घेऊन ताठ बसला होता. उठायला गेला आणि कंबर धरून पुन्हा बसला.

"क्षमा करा. चार दिवस झाले, कंबर धरलीय. बैठं काम."

"बसा. अपघाताच्या वेळी कुठे होतात?"

"इथेच. साडेतीनला पाहुणे गेंबावर येणार होते. गेंबा म्हणजे—"

"काम जिथे घडतं ती जागा. ठाऊक आहे. तुम्ही मात्र इथे होता."

त्याने ते ऐकले नसल्यासारखे केले. "पाहुण्यांना नऊ मिनिटांत डाय बदलून दाखवायची होती. पूर्वी चाळीस लागायची. मी स्लाइड्स बघत होतो. एकटाच. तीनला चहाची सुट्टी, लाइन रिकामी. मामा आणि ताई दोघंच सराव करत असणार."

"ताईच्या जबाबात आहे, तुम्हीच तिला पाहुण्यांची हेल्मेटं आणायला फाटकावर पाठवलंत."

"तिला तसं आठवत असेल. दुःखात माणसाचं होतं असं." त्याचा आवाज मधाळ झाला. "फाटकावर नोंद आहे का?"

"नाही. नोंदवही सहा महिन्यांपूर्वी बंद केली म्हणे."

"हो, माझीच सूचना. नोंद करणं हासुद्धा मुडाच. वर्षाला एकशे दहा तास वाचले."

एका बाईची निर्दोषता त्या एकशे दहा तासांत गेली, हे बोलण्याइतका मापनबाईंचा स्वभाव भाबडा नव्हता. त्या भिंतीकडे वळल्या. तिथे एक रंगीत तक्ता होता: 'लाल चिठ्ठी मोहीम. या महिन्यात हटवलेल्या अनावश्यक वस्तू: ४३.' खाली अपघाताच्याच दिवसाची तारीख आणि सेन्सेईची ऐसपैस सही.

"ही काय भानगड?"

"भानगड नाही, शिस्त!" त्याचे डोळे चमकले. "जागा सोडून पडलेली, जादा, दुबार अशी वस्तू दिसली की तिला लाल चिठ्ठी बांधायची आणि अडगळीच्या पिंजऱ्यात टाकायची. त्रेचाळीस वस्तू! चिठ्ठी फक्त मीच बांधतो. लोकांचा जीव अडकतो हो जुन्या सामानात."

"खरंय," मापनबाई म्हणाल्या. "आणि तो पिवळा ठोकळा? त्याची जागा कोणती?"

"फळ्यावर. अर्थातच. बाह्यरेषा मी स्वतः काढलीय. पण त्याला हात मी कधी लावलेला नाही, ते काम कारागिरांचं."

त्यांनी वहीत ते शब्द जसेच्या तसे उतरवले. मग हात धुवायला गेल्या. सेन्सेईने हस्तांदोलन केले होते.

३

सफाईचे काम करणाऱ्या मावशी बेसिनपाशीच भेटल्या.

"तुम्हीच का त्या मोजणाऱ्या बाई? मग एक मोजा. वीस वर्षं झाली मला इथं. वीस वर्षांत माझ्याआधी कुणी माझ्या हद्दीत झाडू मारला नाही."

"आणि?"

"त्या दिवशी मारला होता. मामांना उचलून नेलं, आणि पंधरा मिनिटांत फोन आला, लगेच साफ करा, पाहुणे येतायत. मी बादली घेऊन पळत गेले. रक्त तसंच होतं, ते मीच पुसलं. माझ्या हातानं. पण प्रेसभोवतीचा केर कुणी आधीच भरून नेला होता. रक्ताला हात नाही लावला मेल्यानं, केर मात्र नेला. असा कुठला केर होता तो?"

"झाडू कुठे होता?"

"तेच सांगते ना! फळ्यावर. त्या काळ्या चित्रात. अहो, आम्ही झाडू कोपऱ्यात उभा करतो. फळ्यावर टांगला तर कडी नाकाएवढ्या उंचीवर येते, काढताना धूळ डोळ्यात. चित्र काढणाऱ्यानं झाडू कधी हातात धरलाय का?"

"एकदा धरला असावा," मापनबाई म्हणाल्या.

देखभालीचा मिस्त्री मात्र बोलका नव्हता. कंप्रेसरच्या खोलीत तो नळ्यांना फडके गुंडाळत बसला होता, ज्या नळ्या गळत नव्हत्या.

"मी छपरावर होतो. पंख्याचा पट्टा बदलत होतो. किंकाळी ऐकली, पण उतरून इथे पोचेतो सात-आठ मिनिटं गेली."

"ब्रेकबद्दल माहीत होतं?"

त्याने खिशातून मोबाइल काढून एक फोटो दाखवला. सुधारणा-फळ्यावरचे, पाच महिन्यांपूर्वीचे एक सूचनापत्र. मामांचे वळणदार अक्षर: 'प्रेसचा ब्रेक घसरतो. अस्तर बदलावे.' त्याच्यावर शिक्का: 'उत्तम कल्पना! आभारी आहोत.' शिक्क्यातही हसरा चेहरा होता.

मापनबाईंनी मोबाइल परत दिला.

"ठोकळा फळ्यावर टांगलाय. त्याची जागा तीच ना?"

मिस्त्रीने तोंडाने "हो" म्हटले. डोळे मात्र, क्षणभरच, उघड्या दारातून प्रेसच्या पायथ्याकडे गेले. तिथे, डाव्या पायाजवळ, जमिनीवर ताजा राखाडी रंग होता. पण रंगाखाली वीतभर लांबीरुंदीचा चौकोनी खळगा दिसत होता. वर्षानुवर्षे एकच जड वस्तू ठेवून पडावा, तसा.

"किती किलोचा आहे तो?"

"अकरा," मिस्त्री म्हणाला, आणि पुन्हा फडके गुंडाळू लागला.

४

ताई कपडे बदलण्याच्या खोलीत बाकावर बसली होती. तिला आत जायची बंदी होती, घरी जायचीही. पस्तिशीची, रुंद मनगटांची. समोर मामांचा डबा होता, चार दिवस न धुतलेला. खोलीत आंबूस वास दाटला होता.

"हा घरी नेऊ का विचारते, तर म्हणतात पुरावा आहे," ती म्हणाली. "डबा पुरावा, आणि जमीन रंगवून टाकली."

"डाय बदलण्याच्या कार्डावर तुझी सही आहे. तीन वाजून दहा मिनिटं, ठोकळा लावल्याची."

"बाई, ती सही सकाळी सातची. वेळ नंतर भरतात. साहेब दिवसाच्या सगळ्या कार्डांवर सकाळीच सह्या करून घेतात. वेळ वाचतो."

"रोज काम कसं चालतं ते सांग. कार्डावरचं नको. खरं."

ताईने तळहात गुडघ्यांवर ठेवले. "मामा मागून वाकायचा. तिथून त्याला पुढचं दिसत नाही. मी पुढून ठोकळा उभा करायची आणि ओरडायची, 'टेकू!' मग तो हात घालायचा. बारा वर्षं. एकदाही त्याने पुन्हा विचारलं नाही, की लावलास का ग. त्या दिवशी 'टेकू' कुणीतरी म्हणालं असणार. म्हटल्याशिवाय मामा हात घालणारच नाही. जीव गेला तरी नाही."

मापनबाईंनी खुर्ची जवळ ओढली.

"आता मी सांगते, तू फक्त चुकलं तर थांबव. पोलादी ठोकळा फळ्यावर कधीच राहत नव्हता. दिवसातून दहा वेळा लागणारी अकरा किलोंची वस्तू छातीच्या उंचीवर टांगायला कारागीर खुळे नाहीत. तो प्रेसच्या पायाशी असायचा."

ताईने डब्याचे झाकण दाबून बसवले.

"पण फळ्यावरची जागा रिकामी दिसली की परीक्षेत गुण कापले जायचे. म्हणून कुणीतरी लाकडाचा ठोकळा केला. तसाच, पिवळा. दोन किलोंचा. शोभेचा."

"आम्ही त्याला जावई म्हणायचो," ताई हळूच म्हणाली, आणि तिला स्वतःचाच राग आल्यासारखे वाटले. "नुसता मिरवायचा, कामाला हात नाही. मामा रोज येता-जाता त्याला नमस्कार करायचा. हसायचो हो आम्ही." तिने डबा बाजूला सरकवला. "मिस्त्रीनं केला. त्याचं नाव सांगितलं तर त्याची नोकरी जाईल. त्याच्या घरी आई अंथरुणावर आहे. आणि जावई फळ्यावर होता, खरा ठोकळा पायाशी. मी परत आले तर जावई नाही आणि खरा फळ्यावर! मला काहीच उमजेना. माझंच डोकं फिरलं असं वाटलं."

"सकाळी खरा ठोकळा पायाशी पाहिला होतास?"

तिने आठवले. कपाळावर आठी पडली.

"सकाळी डाय बदलायची नव्हती. पाहिलं नाही. बाई, मी पाहिलंच नाही."

मापनबाईंनी पिंजऱ्याची नोंदवही मागवली. प्रत्येक लाल चिठ्ठीचा क्रमांक, वस्तू, तारीख. एकेक ओळ त्यांनी बोटाने मोजली. बेचाळीस. पुन्हा मोजली. बेचाळीसच. शेवटचे पान शिलाईजवळ ब्लेडने कापलेले होते.

नोंदवहीतून वस्तू नाहीशी करता येते. पण भिंतीवरच्या तक्त्यातला आपल्याच पराक्रमाचा आकडा कमी करायला फार मोठे मन लागते.

चार वाजून वीस मिनिटे झाली होती.

५

प्रेसपाशी चौघांनाही बोलावले. साहेब घड्याळ पाहत होते. मिस्त्री ताईच्या मागे उभा होता, जणू तिच्या सावलीत मावणार होता. सेन्सेईने कंबरेला पट्टा बांधला होता.

"तीन गोष्टी हव्यात," मापनबाई म्हणाल्या. "साहेब, सेन्सेई, तुम्ही दोघं तिकडे खांबापलीकडे थांबा, बोलावीन तेव्हा एकेक या. मिस्त्री, ठोकळा काढून जमिनीवर ठेव."

मिस्त्रीने ठेवला.

"सेन्सेई, या. तुम्ही बाह्यरेषेचे जनक. तो पुन्हा जागेवर लावून दाखवता का? अहवालात फोटो हवा."

सेन्सेईने क्षणभर त्यांच्याकडे, मग ठोकळ्याकडे पाहिले. नाही म्हणायला कारण नव्हते. त्याने पाय फाकवले, गुडघे वाकवले, पट्टा चाचपला, दोन्ही हात खाली घातले आणि दात आवळून ठोकळा उचलला. आकडे कुरकुरले. त्याने मागे सरून पाहिले, आणि ठोकळा रेषेबाहेर केसभर गेला होता तो बोटाने सरळ केला.

"आभारी आहे. साहेब, या. आता तुम्ही तो खाली काढा."

साहेब आले आणि खुंटीवरचा कोट काढावा तसा त्यांनी एका हाताने ठोकळा ओढला. हात खांद्यातून निखळल्यासारखा खाली गेला. मिस्त्रीने त्यांना ढकलले नसते तर त्यांचा पायच गेला असता. ठोकळा जमिनीवर आदळला. राखाडी रंगाचा पापुद्रा उडाला आणि खालचे तपकिरी उघडे पडले. जुना रंगही असेल. कुणी वाकून पाहिले नाही.

"हे... हे एवढं जड असतं?" साहेब म्हणाले.

"असतं. दोन वर्षं या शॉपचे प्रमुख असून तुम्हाला ते ठाऊक नव्हतं. लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे, पण आज ती तुमच्या कामी आली." मापनबाई वळल्या. "सेन्सेई, तुम्ही मघाशी म्हणालात, या वस्तूला हात कधी लावलेला नाही. मग उचलण्याआधी गुडघे का वाकवलेत?"

"मी... दिसतंच ना जड आहे ते."

"दिसत नाही. साहेबांना दिसलं नाही. रंगवलेलं लाकूडही असंच दिसतं, आणि ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? तुमच्या कंबरेला मात्र चार दिवसांपासून बरोब्बर वजन माहीत आहे."

कुठेतरी हवेची नळी फुसफुसत होती. मापनबाई वर्गात बोलत तशा, न थांबता, न चढता बोलल्या.

"त्या सकाळी तुम्ही फेरी मारलीत. प्रेसच्या पायाशी एक ठोकळा पडलेला दिसला. फळ्यावर पाहिलंत, तर रेषेत ठोकळा होता. म्हणजे पायाशी आहे तो जादा, दुबार, जागा सोडून पडलेला. त्रेचाळिसावी वस्तू. तुम्ही लाल चिठ्ठी बांधलीत, हातगाडीवाल्यांनी तो पिंजऱ्यात नेला. शोभेचा राहिला, खरा गेला. तीनला तुम्हाला चोरून सराव करायचा होता, पाहुण्यांसमोर फजिती नको म्हणून. ताईला फाटकावर पिटाळलंत आणि तिच्या जागी घड्याळ घेऊन स्वतः उभे राहिलात. मामा मागून वाकले. तुम्ही फळ्यावरचं लाकूड रॅमखाली ठेवलंत आणि ओरडलात, 'टेकू!' दोन किलो वजन हाताला लागलं, तरी हाताला शंका आली नाही, कारण त्या हाताने खरा ठोकळा कधी उचललाच नव्हता."

"बास!" सेन्सेई म्हणाला.

"रॅमने लाकडाचा भुगा केला. मग तुम्ही भुगा झाडलात. रक्तात माखलेला माणूस समोर होता आणि तुम्ही केर भरत होता. पिंजऱ्यातून खरा आणलात. आणि तो ठेवायची वेळ आली, तेव्हा शिस्तीने घात केला तुमचा. ताईने, मिस्त्रीने, या शॉपच्या कुणीही तो पायाशी ठेवला असता. फळ्यावर तो राहतो असं मानणारा माणूस इथे एकच. झाडूसुद्धा चित्रात टांगून गेलात."

"सगळा तर्क आहे."

मापनबाईंनी ठोकळ्याच्या मुठीखाली बोट घातले. तांब्याची बारीक तार निघाली, तिच्या पिळात लाल कागदाची चिंधी.

सेन्सेई त्या चिंधीकडे पाहत राहिला. मग तो जे बोलला ते ऐकून मिस्त्रीसुद्धा मागे सरला.

"पद्धतीप्रमाणे माझं काहीच चुकलं नाही. वस्तू दुबार होती. दोषी तो बनावट नमुना आहे. कुणीही तज्ज्ञ हेच सांगेल."

"मामा दगावले ते तुमच्या अज्ञानाने, आणि अज्ञानाला शिक्षा कोणती ते न्यायालय ठरवील," मापनबाई म्हणाल्या. "पण त्यांच्या भाचीला त्यांच्या मृत्यूचं कारण करायचं तुम्ही पूर्ण ज्ञानाने ठरवलंत. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि तीही टापटीप आखलेली."

६

पोलिसांनी सेन्सेईला नेले तेव्हा तो बाहेर जाताना एका कलत्या पाटीकडे पाहत होता. हात मोकळे असते तर त्याने ती सरळ केली असती.

साहेबांनी मापनबाईंना खांबाआड गाठले. "मॅडम, तो बाहेरचा माणूस. पण अहवालात सकाळच्या सह्या, ते ब्रेकचं सूचनापत्र... 'प्रक्रियेतील उणीव' असं लिहिलं तर? आम्ही मोठी सुधारणा म्हणून जाहीर करू. मामांच्या नावाने पारितोषिकही ठेवू."

मापनबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. संतापायला माणसाकडून थोडी तरी अपेक्षा असावी लागते. इथे फक्त किळस उरली होती, साबणाने न जाणारी.

"पाच महिने ब्रेक घसरत होता आणि तुम्ही आभार मानत होता. तुमचं नाव दुसऱ्या पानावर आहे. पहिल्यावर जागा नव्हती."

"बाई." ताई मागे उभी होती. "खोटा ठोकळा आम्ही टांगला, तेही लिहा. मी रोज बघून हसले, तेही. गुण मिळतात म्हणून गप्प बसलो. मामासुद्धा."

"ताई!" मिस्त्री दबक्या आवाजात म्हणाला.

"गप रे. खरा ठोकळा जादा ठरला तो आपल्या खोट्यामुळे. हे दडवलं तर आपण त्या केर झाडणाऱ्यापेक्षा वेगळे कसे?"

मिस्त्रीने खाली पाहिले. मग तो म्हणाला, "माझं नाव पूर्ण लिहा. अर्धवट नको."

मापनबाईंनी लिहिले. मग सही केली आणि प्रेसचे सील काढले. ब्रेक उघडायचा तर आत अडकलेली डाय आधी सोडवणे भाग होते, आणि ते काम आता ह्या दोघांचेच होते.

मिस्त्री मागच्या बाजूला गेला, जिथून पुढचे दिसत नाही. ताईने ठोकळा दोन्ही हातांनी उचलला, रॅमखाली उभा केला, तळहाताने ठोकून पाहिला. तिने श्वास घेतला.

"टेकू!"

मागून काहीच हालचाल झाली नाही. शॉपमध्ये सगळे थांबले होते. मग मिस्त्रीची पावले ऐकू आली. तो प्रेसला वळसा घालून पुढे आला, वाकला. त्याने ठोकळ्याकडे पाहिले, त्यावर स्वतःचा हात ठेवला. ताईकडे त्याने पाहिले नाही.

ताई बाजूला सरली आणि त्याला नीट दिसेल असा दिवा धरून उभी राहिली.